मास्तरांच्या हातचं बटण

बायको : तुमच्या कंपनीनं आम्हाला लुबाडलं, साहेब. सरळ शब्द वापरते, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

तपासनीस : बाई, मी नुसता कोट घेऊन आलोय.

बायको : ते दिसतंय. मागच्या वेळी अंगात घालून आला होतात म्हणे, आज हातावर टाकून आलात. कुठंही ठेवा, फक्त त्या खुर्चीवर नको, तिथं इस्त्री केलेलं आहे. हां. तर ऐका. इतकी वर्षं आम्ही महिन्याच्या महिन्याला हप्ता भरला. शिलाईचं मशीन बंद पडलं तेव्हाही भरला. मुलीच्या फीचे पैसे उसने आणले, पण हप्ता चुकवला नाही. कशासाठी? तर उद्या ह्यांचे, म्हणजे शिंप्याचे, हात चालेनासे झाले तर घर चालावं म्हणून. हात चालेनासे झाले. आणि तुमची कंपनी लिहून कळवते की चालतात.

तपासनीस : म्हणजे दावा नामंजूर झाला?

बायको : घ्या. ह्यांनाच पत्ता नाही.

तपासनीस : खरंच नाही. मी घरी जाऊन पाहणी करतो, अहवाल लिहितो आणि वर पाठवतो. निर्णय वर होतो. खाली आम्हाला कुणी कळवत नाही.

बायको : वर म्हणजे कुठं? देवाकडे?

तपासनीस : चौथ्या मजल्यावर.

बायको : त्या मजल्यावरचं कुणी कधी खाली उतरलंय का? एखाद्या आजारी माणसाचं तोंड बघितलंय?

तपासनीस : त्यासाठी मी असतो.

मास्तर : (मागच्या खोलीतून) अगं, कोण आलंय? कुणाशी भांडतेस सकाळी सकाळी?

बायको : तुमचे पाहुणे आलेत. विम्याचे साहेब. ज्यांना चहा पाजलात ते.

मास्तर : अरे वा. बसवलंस का त्यांना?

बायको : उभं केलंय.

मास्तर : बसा हो साहेब. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. मी शर्ट घालतो आणि आलोच.

बायको : ते येणार नाहीत. म्हणजे येतील, पण मी आत जाऊन शर्ट घालून दिल्यावर. ह्यांचा आमवात सकाळी जागा असतो. उठतात तेव्हा बोटं लाकडाची असतात. ब्रशला पेस्ट मी लावते, दाढी मी करते. दुपारी गोळी अंगात भिनली की बोटं जरा सैल पडतात, तास-दीड तास. तेवढ्यात कुणी आलं तर काय, राजाचा रुबाब. तुम्ही आलात कधी?

तपासनीस : दुपारीच. जेवणानंतर.

बायको : बरोब्बर. आणि मी तेव्हा कामावर, इस्पितळात कपड्यांना घड्या घालत होते. मी घरी असते तर तुम्हाला सकाळीच बोलावलं असतं. थांबा, ह्यांना घेऊन येते. कशाला हात लावू नका, सगळीकडे टाचण्या आहेत.

मास्तर : अगं, वरचं बटण नको लावूस, गळा आवळतो. नमस्कार साहेब. कसं काय? घरचे बरे आहेत?

तपासनीस : बरे आहेत. तुम्ही कसे आहात?

मास्तर : काही विशेष नाही. चाललंय.

बायको : हे बघा. हे. ह्याच्यावर आमचं घर बुडालं. दुखतंय का? काही विशेष नाही. जेवण गिळवतंय का? चाललंय. उद्या ह्यांना उचलून न्यायला माणसं आली ना, तरी हे म्हणतील, बसा, चहा घ्या.

मास्तर : दारात आलेल्या माणसापुढे काय रडगाणं गायचं?

बायको : तो माणूस रडगाणं ऐकायलाच आला होता. त्याला पगारच त्याचा मिळतो.

तपासनीस : बाई, एक विचारू? पत्रात नेमकं काय लिहिलंय?

बायको : मला पाठ झालंय. 'दावेदाराने तपासणीच्या वेळी स्वतः सुईदोऱ्याने कोटाचे बटण लावले. हाताची बारीक कामे करण्यास तो समर्थ आहे. सबब दावा नाकारण्यात येत आहे.' सबब.

तपासनीस : पहिलं वाक्य माझं आहे. पुढचं माझं नाही.

बायको : मग पहिलं तरी कशाला लिहिलंत?

तपासनीस : कौतुक म्हणून.

बायको : कौतुक?

तपासनीस : माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं. आठवडाभर तसाच फिरत होतो, ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांच्या आल्या आल्या लक्षात आलं. म्हणाले, काढा तो कोट, असं बघवत नाही. मी नको नको म्हणालो. मला वाटलं, माणूस आजारी असून किती कष्टाळू आहे, हे वर समजू दे.

बायको : समजलं की. फार छान समजलं. तुमच्या कौतुकानं आमचं ताट ओढून नेलं, साहेब.

मास्तर : चूक साहेबांची नाही. लोंबतं बटण मला सहन होत नाही, तो माझा दोष. एखाद्याच्या बुटाची नाडी सुटलेली असली की आपण सांगतो की नाही?

बायको : सांगतो. बांधून देत नाही. आणि साहेब, तुम्ही ह्यांना बटण लावताना बघितलंत? खरं सांगा. डोळ्यांनी?

तपासनीस : म्हणजे, ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, तोवर भिंतीवरचा तो फोटो बघा, माझ्या लग्नातला आहे.

बायको : किती वेळ बघितलात?

तपासनीस : बराच. मधे दोनदा मी वळलो तर म्हणाले, डावीकडचे ते माझे सासरे, त्यांच्या मिशा नीट बघा.

मास्तर : मिशा बघण्यासारख्याच आहेत.

बायको : माझ्या बापाच्या मिशांआड लपून बटण लावलंत तुम्ही. आणि सुई कुणी ओवली, ते विचारा साहेब. कामाला जायच्या आधी मी रोज सुया ओवून त्या टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवते, पांढरी, काळी, निळी, करडी. कारण ह्यांना दोरा ओवता येत नाही. बारा महिने झाले असतील. त्या दिवशी मी कामावरून आले तर उजवा हात हा असा सुजलेला. दोन दिवस घास मी भरवला. विचारलं काय झालं, तर म्हणे काही विशेष नाही.

मास्तर : जुनं उकरू नकोस आता. साहेब कशासाठी आलेत ते तरी विचार. कोट आणलाय. काय करायचंय? अस्तर उसवलं?

तपासनीस : नाही. जाऊ दे. मी पुन्हा कधी येईन.

मास्तर : असं कसं, आलात तर दाखवा. लाजायचं काय त्यात? इकडे टेबलावर पसरा. अगं, तो खडूचा डबा बाजूला घे. हां. कापड चांगलं आहे, पण शिवणाऱ्यानं खांद्यात चोरी केली आहे. काय बिघडलंय?

तपासनीस : बटण निघालं. हे बघा, खिशात जपून ठेवलंय.

मास्तर : कुठलं?

तपासनीस : मधलं.

मास्तर : मधलं तर मी लावलं होतं.

तपासनीस : हो. तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या हातचं बटण निघत नाही, निघालं तर घेऊन या.

मास्तर : तसं मी सगळ्यांना म्हणतो. कुणी घेऊन येत नाही म्हणून म्हणतो.

बायको : थांबा. काय म्हणालात साहेब? काय निघालं?

मास्तर : कशात तरी अडकलं असेल. दाराच्या कडीत? बसमध्ये कुणी ओढलं?

तपासनीस : नाही. दुसऱ्याच दिवशी, ऑफिसात बटण काजातून काढायला गेलो तर हातातच आलं.

मास्तर : शक्य नाही. साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण शक्य नाही. मी लावलेलं बटण निघायचं असेल तर आधी कापड फाटतं. लोकांचे कोट विरले, माणसं त्या कोटात मावेनाशी झाली, पण बटण जागेवर. दाखवा इकडे. उजेडाकडे धरा. जरा वर.

बायको : काय दिसतं?

मास्तर : काही नाही.

बायको : अहो, दिसतं काय?

मास्तर : वेढेच दिले नाहीत. बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचे वेढे द्यायचे असतात, कोट जाड असतो ना, बटणाला उभं राहायला मान लागते. ती नाहीच. गाठ पण नुसती नावाला. हे कुणी केलंय?

बायको : तुम्ही.

मास्तर : मी असं करत नाही.

बायको : करत नव्हतात. हे तुम्हीच केलंत, माझ्या बापाच्या मिशा साहेबांना दाखवता दाखवता. अहो, बटण निघालं. निघालं बटण. साहेब, पुन्हा एकदा सांगा बघू, दुसऱ्या दिवशी?

तपासनीस : दुसऱ्या दिवशी. सकाळीच.

मास्तर : हसतेस काय? इथं माझी अब्रू गेली आणि ही हसतेय.

बायको : जाऊ दे की. तुमच्या अब्रूनं एक हप्ता तरी भरला का? कोटाचं बटण एक दिवस टिकत नाही, आणि ह्यांची कंपनी म्हणते माणूस समर्थ आहे. मी तर पेढे वाटणार होते, पण पैसे नाहीत.

मास्तर : पुन्हा लावून देतो. आत्ता. साहेब, मागच्या वेळी माझं लक्ष नव्हतं, गप्पांच्या नादात राहिलं. त्या गादीतली काळी सुई दे इकडे.

बायको : गादी तुमच्या पुढ्यातच आहे. घ्या.

मास्तर : तू दे ना.

बायको : नाही देत. आज मी घरी आहे, सकाळ आहे, साहेब समोर बसलेत. पाठ फिरवायची नाही. घ्या सुई, लावा बटण.

तपासनीस : बाई, राहू द्या. मी दुसरीकडे लावून घेतो.

बायको : तुम्ही मधे पडू नका. मागच्या वेळी पडलात तेवढं पुरे. अहो, घ्या.

(मास्तर सुई उचलायला जातो. पुन्हा जातो. सुई गादीतच राहते.)

मास्तर : होत नाही.

बायको : काय?

मास्तर : होत नाही माझ्याच्यानं.

बायको : पुन्हा म्हणा.

मास्तर : ऐकलंस की.

बायको : मला नका सांगू, मी रोज बघते. साहेबांना सांगा. तुमच्या स्वतःच्या कानांनाही ऐकू द्या एकदा.

मास्तर : साहेब, मला आता शिवता येत नाही. सुई चिमटीत धरता येत नाही. कात्री उचलतो, पण चालवली की अंगठ्यातून कळ थेट खांद्यात जाते. खडूची रेघ मारतो, तीही वाकडी. हे जे लटकलेले कपडे दिसतायत ना, त्यातलं एकही माझ्या हातचं नाही. सगळं हिचं. गिऱ्हाईक आलं की मी टेप गळ्यात घालून उभा राहतो, बस्स.

तपासनीस : हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?

मास्तर : कसं सांगणार? आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, द्या, होऊन जाईल. दुसरं वाक्यच येत नाही मला. गंमत आहे. मला वाटलं होतं, हे ज्या दिवशी तोंडातून निघेल त्या दिवशी मी आडवा होईन.

बायको : आणि?

मास्तर : भूक लागली.

बायको : बघा. मेले नाहीत. साहेब, तुम्ही साक्षीदार आहात, हा माणूस खरं बोलला आणि मेला नाही.

मास्तर : फक्त एक कर. गिऱ्हाइकांना यातलं काही कळू देऊ नकोस. मास्तरांचे हात गेले म्हटलं की सगळे समोरच्या दुकानात जातील.

बायको : अहो, त्यांना माहीत आहे.

मास्तर : कुणाला?

बायको : सगळ्यांना. तुमचा टाका आणि माझा टाका त्यांना ओळखू येत नाही असं वाटतं तुम्हाला? बँकेतल्या त्या बाई पहिल्याच वेळी म्हणाल्या, ही तुरपाई तुमची ना? मी म्हटलं हो. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या सगळ्यांच्या पँटच्या लांब्या एकदम कशा वाढल्या, कधी विचार केलात? रोज एक येते कमी करायला.

मास्तर : मला वाटलं, त्यांच्याकडची मुलं उंचीनं कमी होतायत.

तपासनीस : चालतं कसं सगळं? म्हणजे, विचारू नये, पण...

बायको : विचारा, तुम्हीच विचारायला हवं. ते जास्तीचं मशीन कर्जावर घेतलं होतं, ते विकलं. नुकसानीत विकलं, पण कर्ज मिटलं, दारात वसुलीवाला येत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं किती तरी महिन्यांनी नीट झोपलो. दुकान मधोमध फळी घालून अर्धं भाड्यानं दिलंय, पलीकडे किल्ल्या बनवणारा बसतो. त्याचं मशीन सुरू झालं की आपलं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून मी घाईनं भांडतेय. नवीन सूट शिवायला घेणं बंद. चेन बदलणं, अस्तर, लांबी-रुंदी, हे मी करते. दुपारी इस्पितळात घड्या. थोरली मुलगी औषधांचे पैसे पाठवते, तिला वाटतं आम्हाला कळत नाही की ती बसनं जायचं सोडून पायी जाते. एवढं केलं की घर चालतं. खोटं का बोलू, चालतं. रडत नाही मी.

तपासनीस : मग अडतं कुठं?

बायको : इंजेक्शनांवर. मोठे डॉक्टर म्हणाले, आत्ता सुरू केली तर बोटं आहेत तिथं थांबतील. नाही घेतली तर वाकतच जातील, मग चमचाही धरता येणार नाही. महाग आहेत. तुमच्या कंपनीनं घरखर्चापुरते कबूल केलेले पैसे दिले ना, तर माझ्या पगारातून इंजेक्शनं होतात. मी हिशोब करून बसले होते. आणि तुम्ही कौतुक करून बसलात.

तपासनीस : एक मार्ग आहे.

बायको : बोला.

तपासनीस : तपासनिसाला नंतर नवीन काही आढळलं तर तो पूरक अहवाल देऊ शकतो. तो गेला की बंद केलेली फाईल त्यांना उघडावीच लागते. नियम आहे. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी आणायची, सकाळी बोटांची अवस्था काय असते आणि दुपारी काय, एवढंच त्यात हवं. मागच्या अहवालात सकाळचा उल्लेखच नाही.

बायको : मग द्या की पूरक. घोडं कुठं अडलं?

तपासनीस : माझ्यावर.

मास्तर : म्हणजे?

तपासनीस : त्यात मला लिहावं लागेल की ते बटण दुसऱ्या दिवशी निघालं. बटण माझ्या कोटाचं. दावेदाराकडून काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पहिल्या अहवालात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्यांना हवं होतं ते वाक्य मिळालं. आता दुसऱ्यांदा लिहिलं की पहिला प्रश्न मलाच. फुकट शिवून घेतलंत?

मास्तर : मग नकोच. एका बटणापायी तुमच्या नोकरीवर गदा नको. आमचं आम्ही बघू.

बायको : झालं ह्यांचं सुरू. बसा, चहा घ्या.

मास्तर : अगं, त्यालाही घर असेल. असं करू या साहेब, तेव्हाच्या कामाचे पैसे आत्ता द्या, मागची तारीख घालून पावती देतो. मिटलं.

बायको : अजिबात नाही. पावती खोटी, मग तिला टेकू द्यायला आणखी एक खोटं. आपण इथवर आलो ते खोट्यानंच ना? तुमच्या 'काही विशेष नाही'नं? साहेब, मी तुम्हाला जबरदस्ती करत नाही. धमकी तर नाहीच. मी फक्त विचारते, त्या कागदावर तुमचं एक खरं वाक्य आहे, त्याच्या पुढचं दुसरं खरं वाक्य लिहायला तुमचा हात धजतो का? तुमचा हात तर धडधाकट आहे.

तपासनीस : बोलणं फार लागतं हो तुमचं.

बायको : लागायलाच हवं. मऊ बोलून बघितलंय आम्ही. हे महाशय त्यातले नामांकित आहेत.

तपासनीस : आधी बटण लावून द्या. पैसे घेऊन. आजची तारीख, आजची पावती. मागचं फुकट घेतलं ते तसंच लिहितो. काय बोलायचं ते बोलतील.

मास्तर : साहेब, विचार करा.

तपासनीस : केला. आठवडाभर लोंबतं बटण घेऊन फिरलो तरी चौथ्या मजल्यावर कुणाला दिसलं नाही. फुकट लावलेलं तरी दिसू दे.

बायको : आत्ता कसं. अहो, सरका. मी लावते. तुम्ही सांगा.

मास्तर : तुला येतं की.

बायको : पँटचं येतं. कोटाचं तुम्ही मला कधी करू दिलंत? सांगा.

मास्तर : दोरा दुहेरी घे. मेण लाव. आधी जुने धागे उपटून काढ, नखानं नको, भोक पडेल. हां. आता बटण सपाट टेकवायचं नाही, खाली एक आगकाडी ठेव. तिच्यावरून टाके घे.

बायको : असे?

मास्तर : घट्ट ओढू नकोस. कापडाला गुदमरवू नकोस. झालं? आता काडी काढ, बटण वर उचल, आणि खाली जो दोरा दिसतो त्याला गोल वेढे दे. आणखी. आणखी दे. ही मान. आता सुई मागे काढ, गाठ आतल्या बाजूला, दिसता कामा नये.

बायको : दिसते?

मास्तर : नाही दिसत.

बायको : तोंड असं का केलंत?

मास्तर : चांगलं झालंय. पहिल्याच वेळी इतकं चांगलं होऊ नये माणसाचं.

तपासनीस : तुम्ही शिकवणी का घेत नाही? मास्तर, चेष्टा नाही करत. मला आत्ता न शिकता कळलं.

बायको : हे मी सहा महिने सांगतेय. किल्लीवाल्याची बहीण शिकायला तयार आहे, तिच्या दोन मैत्रिणी तयार आहेत, फी द्यायला तयार आहेत. हे म्हणतात, माझे हात चालत नाहीत हे त्यांना कळेल.

मास्तर : आता तर कळलंच आहे सगळ्यांना.

बायको : म्हणजे बोलावू?

मास्तर : दुपारी नको. दुपारी माझी बोटं सैल असतात, मी मधे हात घालीन. सकाळी बोलाव. सकाळी मला नुसतं बोलताच येतं.

बायको : ऐकलंत साहेब? हा माणूस आज दोन खरी वाक्यं बोलला. आता कंपनीनं पैसे दिले तर इंजेक्शनं होतील. आणि नाही दिले, तर मी भांडेन, पण ह्या घरात आता कुणी पाठ करून बसणार नाही. माझी छाती मोकळी झाली. खरं सांगते, तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला पायरीवरून हाकलणार होते.

तपासनीस : जवळजवळ हाकललंच होतंत. कागद देता का एखादा? माझ्याकडे छापील नमुना आहे, पण खाली ठेवायला काही तरी कडक हवं.

मास्तर : हा कापडाचा पुठ्ठा घ्या.

तपासनीस : लिहितो. 'दावेदाराने लावलेले बटण दुसऱ्या दिवशी निघाले. आज सकाळी पुन्हा भेट दिली असता दावेदाराला सुई उचलता आली नाही. हे मी समोर बसून पाहिले. मागील कामाचा मोबदला मी दिला नव्हता.' ठीक?

बायको : ऐकताना बरं वाटलं. मागच्यासारखं सबब-बिबब नाही.

तपासनीस : आता खाली एक रकाना आहे. 'दावेदाराचे म्हणणे.' हे मास्तरांनी सांगायचं, मी जसंच्या तसं उतरवायचं.

बायको : मागच्या वेळी ह्यांनी काय म्हटलं होतं?

तपासनीस : 'काही विशेष नाही.'

बायको : अरे देवा. अहो, थांबा, मी सांगते. लिहा साहेब, 'निर्लज्जांनो...'

मास्तर : तू थांब. माझा रकाना आहे. साहेब, लिहिताय?

तपासनीस : लिहितोय. बोला.

मास्तर : 'मला शिवता येत नाही.' लिहिलंत? 'हप्ते मी सगळे वेळेवर भरले आहेत.'

तपासनीस : भरले आहेत. पुढे?

मास्तर : 'माझे पैसे तुम्ही कधी देता, ते कळवा.'